नाव तिकडं, खेळ इकडं

मैदानावर मुली किती आहेत हे मी सतत मोजत असते. शारीरिक शिक्षणाची शिक्षिका म्हटलं की लोकांना शिट्टी आठवते, पण खरं काम डोकी मोजण्याचं आहे. सुरुवातीला होत्या तेवढ्या शेवटी आहेत ना, एखादी चक्कर येऊन कडेला बसली नाही ना, एखादी न सांगता घरी गेली नाही ना. माझे वडील वैजापूरच्या मार्केट यार्डात मापाडी होते. कांद्याची गोणी काट्यावर चढली की काटा पुरता थांबेपर्यंत ते आकडा बोलायचे नाहीत. एका बाजूनं व्यापारी घाई करायचा, दुसऱ्या बाजूनं शेतकरी. त्यांची ती सवय माझ्या अंगात उतरली असावी.

तर एका संध्याकाळी मोजणीत एक मुलगी जास्त भरली. पुन्हा मोजलं, पुन्हा एक जास्त. कमी भरली तर काय करायचं ते मला माहीत होतं. जास्त भरली तर काय करायचं हे कुठल्याच प्रशिक्षणात शिकवलेलं नाही.

जास्तीची मुलगी ओळखायला अवघड नव्हती. आमच्या मुली अनवाणी खेळतात. ही बुटांत होती, आणि बुटांमुळेच वळताना घसरत होती. अंगावर राखाडी ट्रॅकपँट, तिच्यावर पिवळा पट्टा. बाजारपेठेतल्या इंग्रजी शाळेची.

"नाव काय गं तुझं?"

"प्रज्ञा. नाइन्थला आहे. म्हणजे नववीला."

"आपल्या शाळेत नाहीस तू."

"नाय. पण मी रोज भिंतीपल्याडनं बघते, मॅडम. मला कळतंय सगळं. खो मिळाल्याबिगर उठायचं नाय, उठल्यावर दिशा बदलायची नाय."

आमची कॅप्टन ललिता मध्ये पडली. "मॅडम, मीच बोलावलं तिला. सोनाली आली नाय, नऊ होत नव्हत्या. बसू द्या की एक दिवस."

मी बसू दिलं. तो एक दिवस दीड वर्ष चालला.

आमची शाळा जिल्हा परिषदेची, दहावीपर्यंतची, वाळूजच्या कारखान्यांनी तिन्ही बाजूंनी वेढलेल्या एका गावात. मी रोज शहरातून, सिडकोतून, स्कूटरवर येते. शाळेचे काही वर्ग गळतात, संगणक कक्षाला कुलूप असतं, पण मैदान असं आहे की पाहुणे आले की मुख्याध्यापक त्यांना आधी मैदान दाखवतात. गावात मैदान एवढं एकच. इंग्रजी शाळा दुकानांच्या वरच्या मजल्यांवर भरतात. खाली हार्डवेअर, वर केजी. कंपनीतली माणसं पगारातून पैसे काढून मुलांना तिकडे घालतात आणि आमचा पट दरवर्षी उतरतो. म्हणजे गावातली मुलं तिकडे आणि गावाचं मैदान इकडे, अशी वाटणी झालेली आहे.

माझ्या कामाबद्दलही दोन शब्द सांगते, कारण बाहेरच्यांना ते गमतीचं वाटतं. खेळाचा तास हा वेळापत्रकातला सगळ्यांत उदार तास. गणिताचा भाग राहिला की तो गणिताला जातो, पाहुणे आले की स्वागतगीताला जातो. मी सहावीला गणितही शिकवते, त्यामुळे कधी कधी माझा तास मीच पळवते. खरा खेळ शाळा सुटल्यावर सुरू होतो. आणि स्पर्धेचा एक नियम असा की त्याला फाटे नाहीत: ज्या शाळेच्या पटावर नाव, त्याच शाळेकडून खेळायचं. तालुक्याच्या स्पर्धेत संघांचे कागद तपासायच्या टेबलावर मी बरीच वर्षं बसते आहे. कॉलेजातली मुलगी नववीची म्हणून आणलेली मी ओळखली आहे. माझ्यामुळे संघ बाद झाले आहेत, मुली रडल्या आहेत. नियम चांगला आहे असंच मी म्हणेन. नसता, तर पैसेवाल्या शाळांनी सगळ्या तालुक्यातले खेळाडू गोळा केले असते.

पण त्याच नियमाखाली एक मुलगा माझ्यासमोर वाया गेला, तेही सांगायला हवं. कंपनीत हेल्पर होता, सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसणार होता. त्याला कुठलीच शाळा नव्हती. सुट्टीच्या दिवशी आमच्या वाळूच्या खड्ड्यात लांब उडी मारायचा. मी टेपनं मोजली. त्या वर्षी जिल्ह्यात पहिल्या आलेल्या मुलापेक्षा त्याची उडी जास्त होती. "मॅडम, मला कुठून खेळता येईल?" त्यानं विचारलं. मी म्हणाले, "कुठूनच नाही." ते खरंच होतं. दोन-तीन महिन्यांनी तो यायचा बंद झाला. पुढे एकदा सिग्नलवर कंपनीच्या बसच्या खिडकीतून त्यानं मला नमस्कार केला.

प्रज्ञा खेळायला लागल्यावर मला तो मुलगा वारंवार आठवू लागला.

खो-खोत पळणारीला साखळी खेळावी लागते, म्हणजे बसलेल्या मुलींच्या मधून नागमोडी जात राहायचं, की पाठलाग करणारीला सतत दुसरीला खो द्यावा लागावा. बहुतेक मुली पायांनी साखळी खेळतात. प्रज्ञा डोळ्यांनी खेळायची. बूट पहिल्याच आठवड्यात भिंतीशी काढून ठेवले. पावसाळा संपेपर्यंत ललिता सोडली तर कुणालाच ती धरता येईना, आणि ललितालाही तीनातून एकदाच.

मग प्रवेशिका भरायचे दिवस आले आणि प्रज्ञानं विचारलं, "मॅडम, माझं नाव कितव्या नंबरला?"

मी म्हणाले, "तुझं नाव आमच्या पटावर नाही."

त्या दिवशी तिनं मुलींच्या जोडीनं सगळा सराव केला आणि जाताना बूट हातातच घेऊन गेली.

सल्ले लगेच मिळाले. शेजारच्या गावचे क्रीडाशिक्षक बोडखे सर जिल्हा परिषदेच्या बैठकीत भेटले, म्हणाले, "एवढं काय मॅडम. महिनाभर नाव चढवा तुमच्या हजेरीत, स्पर्धा झाली की उतरवा. कोण बघतंय?"

"मीच बघते, सर. टेबलावर मीच असते."

"मग तर लईच सोपं."

आमच्या मुख्याध्यापकांचा सल्ला सरळ होता. त्यांना खेळाशी देणं-घेणं नव्हतं, पटाशी होतं. "दाखला काढून आणा तिचा. कायमचं नाव लावू. तिचंही भलं, आपलाही पट एकनं वाढेल."

मी प्रज्ञाच्या घरी गेले. वडील कंपनीत दुसऱ्या पाळीला होते. आई, शोभाताई, दोन मेसना पोळ्या करून देतात, परातीपुढून उठल्याच नाहीत, तिथूनच म्हणाल्या, "जय भीम मॅडम, बसा."

मी सगळं सांगितलं. त्या पोळी लाटत ऐकत होत्या.

"तिचे पप्पा तुमच्याच शाळेत शिकले," त्या म्हणाल्या. "मी शाळेला नावं ठेवत नाय. पण तिला तिकडं घालायचं आम्ही ती पोटात असताना ठरवलं होतं. बाबासायबांनी शिकायचं सांगितलं, मग जिथं चांगलं दिसलं तिथं घातलं. आता खेळासाठी शाळा सोडू म्हणता?"

"मी म्हणत नाही. नियम म्हणतो."

"मग नियमाला विचारा ना, पोरीनं दोन्ही का करू नये."

प्रज्ञा दारात उभी होती. आई तिच्याकडे न बघता म्हणाली, "शाळा सोडायची नाय. खेळ सोड म्हणून मी म्हणत नाय. मॅडम शिकलेल्या हायेत, त्यांना रस्ता माहीत असंल."

मला रस्ता माहीत नव्हता. पण परत येताना एक गोष्ट डोक्यात पक्की झाली. नियम मुलीला अडवत नव्हता. नियम एवढंच म्हणत होता की तिनं तिच्या शाळेकडून खेळावं. तिच्या शाळेला संघच नव्हता. मग संघ तयार झाला पाहिजे. खो-खोला बारा जणींचा संघ लागतो, त्यातल्या नऊ मैदानात. एक हातात होती.

तिच्या शाळेच्या प्रिन्सिपल मॅडमनी मला चहा दिला आणि ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "आमच्याकडे शनिवारी कराटे असतं. टेरेसवर."

"खो-खो टेरेसवर होत नाही. मैदान आम्ही देऊ. तुम्ही सही द्या, आणि मुलींबरोबर यायला एक शिक्षिका."

"तुमचा यात फायदा काय?" हा प्रश्न त्यांनी सरळ विचारला, आणि मला तो आवडला. "तुमच्याच संघासमोर उभ्या राहतील आमच्या मुली."

"फायदा नाही," मी म्हणाले. "तुमची एक मुलगी फार चांगली खेळते. ती भिंतीच्या बाहेर राहिली तर मला चैन पडणार नाही. बाकी काही नाही."

त्यांनी सही दिली. शिक्षिका म्हणून मिळाल्या फरहीन मॅडम, वय पंचविशीच्या आतबाहेर, विषय संगणक. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "मॅडम, सच बोलूं तो मेरेकू खो-खो का ख भी नहीं आता. मोबाइलवर बघून आले मी. पण ते खुंट कशाला असतात, ते कळलं नाही."

प्रज्ञानं तिच्या वर्गातून आणि आठवीतून अकरा मुली जमवल्या. कशा, ते तिलाच माहीत. दोघी तर फक्त ट्यूशन चुकवायला आल्या होत्या.

अडचण आमच्याकडेच निघाली. शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष अंबादासभाऊ. त्यांचं म्हणणं गावातल्या पुष्कळांच्या मनात होतं. बैठकीत ते म्हणाले, "फी तिकडं भरायची, अन् मैदान आपलं वापरायचं. इंग्रजी त्यांची, धूळ आपली. हे काय बरोबर नाय मॅडम. उद्या सगळेच तिकडं जातील, संध्याकाळी खेळायला हितं येतील. मग शाळा कशाला, मैदानच चालवा."

हा मुद्दा चुकीचा नव्हता, आणि मी तसं सांगितलं. पुढच्या जूनमध्ये आमच्या दोन मुली खरंच त्या इंग्रजी शाळेत गेल्या. आता तिथेही खो-खो आहे म्हणून आईबापांना समजावणं त्यांना सोपं गेलं. अंबादासभाऊंनी ते मला आजवर चार वेळा ऐकवलं आहे. ऐकून घेते.

पण त्या बैठकीत मी म्हणाले, "भाऊ, मैदान पटाचं नाही. गावाचं आहे. त्या मुली कुठल्या गावच्या?"

"गाव आपलंच आहे त्यांचं. पण आपल्या पोरींनी खडे वेचायचे, आणि त्यांनी आयतं खेळायचं?"

आमच्याकडे रिवाज आहे. हंगामाच्या सुरुवातीला प्रत्येक खेळाडू एक बादली खडे मैदानातून वेचून काढतो. ज्याची बादली भरली तो खेळतो. त्यात कॅप्टनलाही सूट नाही, मलाही नाही.

"त्याही वेचतील," मी म्हणाले.

अंबादासभाऊ म्हणाले, "बादली भरली तर खेळू द्या. नाय भरली तर घरी."

दुसऱ्या दिवशी राखाडी ट्रॅकपँटवाल्या बारा मुली उन्हात वाकून खडे वेचत होत्या, आणि अंबादासभाऊ पिंपळाखाली खुर्ची टाकून बादल्या तपासत होते. मध्येच एका मुलीची आई स्कूटीवरून आली. "आम्ही एवढी फी भरतो, ती पोरीला दगड उचलायला लावायला का?"

उत्तर फरहीन मॅडमनी दिलं. त्यांच्याही हातात बादली होती. "ताई, फी में ग्राउंड नहीं आता. ग्राउंड का ये रेट है." बाईनं स्कूटी स्टँडला लावून मुलीची बादली अर्धी भरून दिली. अंबादासभाऊंनी ती बादली ओतून टाकली. "आईची चालत नाय," म्हणाले.

आता राहिल्या माझ्या मुली. ललिताचं घराणं मेंढपाळाचं. वडील आता थोडी शेती आणि बाकी मजुरी करतात. ती कमी बोलते आणि बोलली की टाळता येत नाही. सरावानंतर माझ्यापुढे उभी राहिली.

"मॅडम, आमची साखळी तिला पाठ हाय. कोण कुठं कच्ची, तिला ठावं. आम्हीच तिला शिकवायचं अन् तिनं आम्हालाच हरवायचं, व्हय?"

"तिला तू आणलीस आत."

"मी एका दिवसासाठी आणली होती."

"तुलाही तिचं सगळं पाठ आहे, ललिता. हिशोब बरोबरीचा आहे. आणि तुला तालुक्यात कुणी असं दमवतं का, जसं ती दमवते?"

त्यानंतर बरेच दिवस त्या दोघी एकमेकींशी फक्त 'खो' एवढंच बोलत होत्या.

स्पर्धेच्या दिवशी सकाळी मी कागद तपासायच्या टेबलावर होते. सोडतीत आमची आणि इंग्रजी शाळेची पहिलीच गाठ पडली होती, आणि जिंकणारा संघ पुढे बोडखे सरांच्या संघाशी खेळणार होता. मला वाटलं, चला, निदान निकाल लवकर लागेल. तेवढ्यात मैदानाच्या कडेला आरडाओरडा ऐकू आला.

झालं होतं असं. सगळ्या संघाचे शर्ट एका रंगाचे हवेत, हे फरहीन मॅडमना मोबाइलनं सांगितलं नव्हतं. त्यांच्या शाळेत चार हाउस, म्हणून बारा मुलींचे चार रंग. पंच म्हणाले, असं चालणार नाही. मुली रडकुंडीला आल्या. ते बघून आमची ललिता जादा सामानाच्या पिशवीकडे गेली आणि आमच्या संघाचे मागच्या वर्षीचे निळे शर्ट काढून प्रज्ञाच्या हातात दिले. "घाला. धुतलेले हायेत."

मला कुणी विचारलं असतं तर मी थांबवलं असतं. ते शर्ट मीच शहरात गुलमंडीतल्या दुकानातून छापून आणले होते, आणि प्रत्येकाच्या पाठीवर मोठ्या अक्षरांत आमच्या शाळेचं नाव होतं.

बोडखे सरांनी ते वाचलं. टेबलाजवळ येऊन म्हणाले, "हरकत आहे. कागदावर एक शाळा, पाठीवर दुसरी. एकाच शाळेनं दोन संघ उतरवलेत. पोरी यांच्या, मैदान यांचं, शिकवणाऱ्याही ह्याच. दोन्ही संघ बाद करा."

दोन्ही बाद म्हणजे प्रज्ञाही गेली आणि ललिताही. माझ्याच शाळेचं प्रकरण होतं, म्हणून मी खुर्चीवरून उठले आणि टेबलाच्या दुसऱ्या बाजूला, जिथे हरकतीची माणसं उभी राहतात, तिथे जाऊन उभी राहिले. त्या बाजूला मी पहिल्यांदाच उभी होते. टेबल तिकडून जरा उंच वाटतं.

तालुक्याचे संयोजक वयस्कर आणि शांत. त्यांनी प्रज्ञाला बोलावलं.

"बाळ, कुठल्या शाळेत शिकतेस?"

तिनं इंग्रजी शाळेचं नाव सांगितलं.

"सराव कुठं करतेस?"

प्रज्ञानं माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, खरं ते सांग.

"यांच्या मैदानावर. मॅडमकडं."

"झालं," बोडखे सर म्हणाले. "पोरगी कबूल झाली."

"काय कबूल झाली?" मी विचारलं आणि संयोजकांकडे वळले. "सर, नियम विचारतो शिकते कुठं. पळते कुठं, हे नियमात कुठे आहे ते दाखवा. बोडखे सर, तुमचा संघ बाजारतळावर सराव करतो. मग तो काय ग्रामपंचायतीचा संघ झाला?"

मागे उभे असलेले दोन-तीन शिक्षक हसले. बोडखे सर म्हणाले, "तुम्ही माझे संघ एका सहीवरून बाद केलेत, मॅडम. आज तुमच्यावर आलं की नियम मऊ झाला का?"

"मऊ करू नका. आहे तसाच लावा. बारा जणींचे दाखले बघा, मूळ रजिस्टर मागवा, एक जरी नाव खोटं निघालं तर दोन्ही संघ मी स्वतः घेऊन जाईन."

संयोजकांनी बाराही प्रवेशिका एकेक करून बघितल्या. घाई केली नाही. मग म्हणाले, "नावं बरोबर आहेत. संघ पात्र. पण हे शर्ट चालणार नाहीत. दहा मिनिटांत दुसरे घाला, नाहीतर सामना सोडा."

दहा मिनिटांत शर्ट कुठून येणार. मी शहरात कुणाला फोन करावा या विचारात होते, तेवढ्यात फरहीन मॅडम मुलींना घेऊन, जिथे स्पर्धा होती त्या शाळेच्या व्हरांड्यात गेल्या. बाहेर आल्या तेव्हा बाराही जणींचे शर्ट उलटे होते. शिवणी बाहेर, नाव आत. आता छातीवर आणि पाठीवर नंबर हवे. वहीच्या कागदावर स्केचपेननं आकडे काढले; लावायला पिना नव्हत्या. शोभाताई त्या दिवशी मेसला सुट्टी देऊन आल्या होत्या. त्यांनी बांगडीत अडकवलेल्या पिना काढल्या, शेजारच्या बाईनं मंगळसूत्रातल्या काढल्या, मग बघायला आलेल्या सगळ्या बायकांनी. आमच्या मुलींच्या आयाही त्यात होत्या.

संयोजकांनी संघाकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं. "रंग एक आहे," म्हणाले. "खेळा."

आम्ही नाणेफेक जिंकून आक्रमण, म्हणजे पाठलाग, घेतलं. प्रज्ञाच्या संघातल्या बऱ्याच मुली भराभर बाद झाल्या. दोघी तर खुंटाकडे धावताना एकमेकींवर आदळल्या. प्रज्ञा मात्र पळायला पहिल्यांदा उतरलेल्या तिघींतली शेवटची म्हणून जवळजवळ तीन मिनिटं टिकली आणि शेवटी पाय रेषेबाहेर पडला म्हणून गेली. कुणी तिला शिवलं नव्हतं. पहिला डाव संपला तेव्हा आम्ही तीन गुणांनी पुढे होतो. तीन गुण म्हणजे काहीच नाही.

मध्यंतरात ललिता पाणी न पिता माझ्याकडे आली. "मॅडम, ती कुठं फसते?"

मी तिच्या हातात पाण्याची बाटली दिली.

ती कुठे फसते हे मला माहीत होतं. प्रज्ञा दमली की खुंटाजवळ आल्यावर मान वळवून मागे बघते, आणि ज्या बाजूनं बघते त्याच बाजूनं निघते. आदल्या संध्याकाळी, शेवटच्या सरावाला, मी तिला हे सांगितलं होतं. मैदानावरच्या कुठल्याही मुलीला मी तिची चूक सांगते, तशी तिलाही सांगितली. आता ललितानं विचारलं होतं. मी ललिताच्या संघाची शिक्षिका. तिला सांगितलं नाही तर मी माझ्याच मुलींना कमी देत होते. सांगितलं तर इतके महिने जिच्यासाठी भांडले तिला पकडून देत होते. पण प्रज्ञाला तिच्या वाट्याचं मिळालेलं होतं.

"दमली की खुंटाशी मान वळवते," मी म्हणाले. "जिकडं बघेल, तिकडं सूर मार."

दुसऱ्या डावात आमचंच आक्रमण आधी होतं. प्रज्ञा या वेळी शेवटच्या तिघींत आली. दोघी गेल्या, ती एकटी उरली. साखळी खेळत राहिली. आमच्या मुली खोवर खो देत होत्या. धूळ इतकी उडाली की कागदी नंबर दिसेनासे झाले. तिचा श्वास मला कडेवरून ऐकू येत होता. आमच्या आक्रमणाची वेळ संपत आली होती, आणि खुंटाशेजारच्या बसायच्या चौकात ललिता पाठ ताठ करून बसली होती.

प्रज्ञा खुंटाशी आली. ललिताला खो मिळाला. प्रज्ञानं मान वळवून डावीकडे बघितलं.

ललितानं डावीकडे सूर मारला. पूर्ण अंग टाकून, हात लांब करून, जसा मी तिला तीन वर्षं शिकवला होता तसा. आणि प्रज्ञा उजवीकडून गेली.

वेळ संपल्याची शिट्टी झाली. प्रज्ञा नाबाद.

शेवटच्या आक्रमणात त्यांनी जीव तोडून पाठलाग केला, तरी चार गुण कमी पडले. आम्ही जिंकलो. फरहीन मॅडम मला येऊन विचारत होत्या, "मॅडम, नाबाद का कुछ सर्टिफिकेट मिलता क्या?" शोभाताई मुलीचे पाय ओल्या फडक्यानं पुसत होत्या, आणि प्रज्ञा पंचांना पुन्हा पुन्हा आपल्या शाळेचं नाव सांगत होती, कारण त्यांना गुणपत्रकावर त्याचं स्पेलिंग जमत नव्हतं.

ललिता कोपर झटकत माझ्यासमोर आली. कोपर चांगलं सोललं होतं.

"मॅडम, तुम्ही तिला सांगितलं होतं."

"हो. काल."

"अन् मला आज."

"हो."

मी पिशवीतून हळद काढून तिच्या कोपराला लावली, तरी तिचं लक्ष तिकडे नव्हतं. ती प्रज्ञाकडे बघत होती.

"उद्यापासून जिल्ह्याचा सराव हाय ना?"

"आहे. आधी बोडखे सरांच्या मुलींना हरवलंस तर."

"त्यांचं सोडा," ललिता म्हणाली. "हिला सांगा सरावाला यायला. रोज यायचं म्हणावं. मला अजून धरायची हाय ती."